वाचता येणारी वेबसाईट: सांगली-मिरजेच्या छोट्या व्यावसायिकांसाठी पायरीपायरीने

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याची साईट उघडणाऱ्याला साधारण चार गोष्टी हव्या असतात: माल कोणत्या प्रतीचा आहे, भाव काय, कमीत कमी किती किलो घ्यावा लागेल आणि बोलायचं कुणाशी. मिरजेच्या दवाखान्याची साईट उघडणाऱ्याला त्याहून कमी: डॉक्टर कोणत्या वारी, किती वाजता असतात आणि नंबर कसा लावायचा. प्रत्यक्षात त्याच्यापुढे काय येतं? सरकत जाणारे पाच फोटो, संस्थापकांचा हार घातलेला फोटो, ‘आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत’, मग ध्येय, उद्दिष्टं, मनोगत. फोन नंबर सगळ्यात खाली, करड्या पट्टीवर करड्या अक्षरांत. आपल्याकडच्या बऱ्याच साईट चौकातल्या फ्लेक्ससारख्या केलेल्या असतात. कोण किती मोठा हे आधी, काम काय ते नंतर. फ्लेक्सपुढे माणूस सिग्नलला थांबलेला असतो, नाइलाजाने वाचतो. साईटवरून तो एका बोटात मागे जातो आणि खालच्या दुसऱ्या दुकानाची लिंक उघडतो.

पुढचं सगळं नवी साईट करणाऱ्यांसाठी आहे, तसंच असलेली सुधारू पाहणाऱ्यांसाठीही. कोडिंग येत नसेल तरी हरकत नाही. ज्याच्याकडून साईट करून घेतलीत त्याच्यापुढे बसून ‘एवढं बदलून दे’ असं नेमकं सांगता यावं, इतका तपशील दिला आहे.

पायरी १: आधी वही

कॉम्प्युटर बाजूला ठेवा. दुकानातला फोन जो उचलतो त्याला एक वही द्या आणि आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न लिहायला सांगा, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. ‘रविवारी चालू आहे का?’, ‘राजापुरी हळद आहे का?’, ‘पुण्याला पाठवता का, आणि भाडं कुणाचं?’, ‘स्टँडवरून कसं यायचं?’ आठवड्याच्या शेवटी वही चाळलीत की पाच-सहा प्रश्नच पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. ते प्रश्न म्हणजे तुमचं होमपेज. जितक्या वेळा विचारला गेला तितका तो वर.

मालकाला काय सांगायचंय याची यादी वेगळी असते, आणि तिलाही जागा आहे. तीन पिढ्यांचा धंदा असेल तर तो अभिमानाने लिहावाच. फक्त तो ‘आमच्याविषयी’ या पानावर. मेनूतही शब्द साधे ठेवा: ‘भाव’, ‘पत्ता’, ‘वेळ’, ‘संपर्क’. ‘उपक्रम’, ‘दालन’, ‘माहितीकोश’ अशा नावांखाली काय दडलंय हे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि लोक उघडून बघत नाहीत. मेनूत पाच-सहा नावांवर जाऊ नका.

पायरी २: पहिला स्क्रीन

फोनवर साईट उघडल्यावर बोट न लावता जेवढं दिसतं तो पहिला स्क्रीन. तिथे तीन गोष्टी हव्यात: तुम्ही कोण आणि कुठले, काय विकता किंवा करता, आणि पुढे काय करायचं याची एक-दोन बटणं. ‘बेदाणा, थेट तासगावहून. हिरवा, पिवळा, काळा. किमान १० किलो.’ खाली ‘आजचा भाव बघा’ आणि ‘फोन लावा’. संपलं.

स्लायडर, म्हणजे आपोआप सरकत जाणारे फोटो, काढून टाका. यावर माझं मत ठाम आहे आणि ते बदलण्यासारखं काही अजून दिसलेलं नाही. पहिला फोटो वाचेपर्यंत दुसरा येतो, तिसरा कुणी बघत नाही, आणि पाचही फोटो लोड व्हायला मात्र डेटा जातो. मालक सांगतात, ‘पण छान हलतं.’ हलतं म्हणूनच शेजारचा मजकूर वाचता येत नाही. वेबच्या सुलभतेचे, म्हणजे साईट दिव्यांगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे, जगभर मानले जाणारे नियम वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम ही संस्था ठरवते, त्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात. इतर मजकुराशेजारी आपोआप हलणारी गोष्ट ५ सेकंदांहून जास्त वेळ हलत राहणार असेल तर ती थांबवायची सोय हवी, असं ते नियम सांगतात. डावीकडे सरकणारी ‘सूचना’ पट्टीही यात आलीच. आणि साईट उघडताच वाजू लागणारी आरती किंवा सनई: भक्तिभाव असू द्या, आवाजाचं बटण पाहुण्याच्या हाती द्या. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या कारागिराच्या साईटवर सतारीचा आवाज हवाच, तो ऐकूनच गिऱ्हाईक ठरवणार; तोसुद्धा बटण दाबल्यावर.

मिरजेचे दवाखाने, औषध दुकानं, लॉज यांच्याकडे बेळगाव, अथणी, विजापूर भागातून रोज माणसं येतात. त्यांच्यासाठी निदान वेळ, पत्ता आणि नंबर एवढं एक पान कन्नडमध्ये ठेवा. भाषा बदलायच्या बटणावर ‘कन्नड’ हा शब्द कन्नड लिपीतच लिहा; ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याच्यासाठीच ते बटण आहे.

पायरी ३: मराठी अक्षर नीट बसवणं

इथे थोडं रेंगाळू, कारण साईट करणाऱ्या बहुतेकांनी इंग्रजीच्या सवयी मराठीवर तशाच लादलेल्या असतात.

पहिली तपासणी युनिकोडची, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसावी यासाठीच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीची. साईटवरचं एखादं वाक्य निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मराठीच उमटलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड उमटली तर तो शिवाजी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला आहे. असा मजकूर गुगलला सापडत नाही, अंधांसाठीच्या वाचक सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि तो फॉन्ट लोड झाला नाही तर कुणालाच वाचता येत नाही. डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी पत्रकं साईटवर टाकताना हे हमखास होतं. फॉन्ट कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा आणि मग एकदा डोळ्यांनी वाचून काढा, कारण कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा चुकीच्या जागी नेऊन ठेवतो.

आणि कॉपी करायला गेलात तर अक्षरच निवडलं जात नाही, असं झालं? मग ते अक्षर नसून चित्र आहे. भावपत्रक, वेळापत्रक, प्रवेशाची सूचना असं सगळं जेपीजी करून चिकटवण्याची आपल्याकडे फार सवय. फोनवर ते चित्र आक्रसतं, दोन बोटांनी मोठं करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. ते टाईप करून घ्या. ३० ओळींचं भावपत्रक टाईप करायला लागणारा वेळ एकदाच जातो. चित्र वाचायचा त्रास रोज येणाऱ्या प्रत्येकाला होतो.

आता फॉन्ट. गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळणाऱ्यांपैकी ‘मुक्ता’ आणि ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हे दोन्ही साध्या मजकुराला चांगले. ‘टिरो देवनागरी मराठी’ खास मराठी वळणासाठी केलेला आहे, लांब लेखांना शोभतो. ‘बालू’ जाडसर आणि मोकळा, तो शीर्षकांपुरता ठेवा. एका साईटला दोन फॉन्ट पुरे. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद करायला सांगा (भाषेचा कोड ‘एमआर’). ही नोंद नसेल तर काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. राज्य शासनाने २०२२ मध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही मराठी वळणं प्रमाण ठरवली आहेत, आणि आपल्या डोळ्यालाही तीच सरावाची. शिवाय या नोंदीमुळे वाचक सॉफ्टवेअर मजकूर मराठी उच्चारात वाचतं.

फॉन्ट निवडण्याआधी त्यात हे शब्द टाईप करून बघा: शेतकऱ्यांना, दुसऱ्या, तऱ्हा, कृष्णा, द्राक्ष, हळदीच्या, विद्यार्थ्यांसाठी. ‘शेतकऱ्यांना’ मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा न येता ‘य’च्या डोक्यावर रफार होऊन बसला, तर टाईप करण्याची पद्धत तरी चुकली आहे नाहीतर फॉन्ट तरी कच्चा आहे.

आकार. ब्राउझरमध्ये अक्षराचा मूळ आकार १६ पिक्सेल धरलेला असतो. इंग्रजीला तो ठीक. देवनागरीत त्याच उंचीत वरच्या मात्रा आणि खालचे उकारही बसवायचे असतात, म्हणून मधलं अक्षर लहान दिसतं. मराठी मजकूर १८ पिक्सेलपासून सुरू करा. ज्येष्ठ नागरिक येणार असतील, म्हणजे दवाखाना, पतसंस्था, देवस्थान, तर २०.

ओळींतलं अंतर त्याहून महत्त्वाचं. मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. देवनागरी छपाईच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत तिची गणना होते. कोरणाऱ्याला प्रत्येक वेलांटी आणि उकार बघून जागा सोडता येत होती. ब्राउझरला ती जागा आपण सांगावी लागते. इंग्रजीसाठी अक्षराच्या दीडपट अंतर पुरतं. मराठीत वरच्या ओळीचा ‘कृ’ किंवा ‘पू’ खालच्या ओळीच्या ‘र्थी’ला टेकायला लागतो, म्हणून १.६ ते १.८ पट ठेवा. शीर्षकांना १.३ पेक्षा कमी नको. बटणांकडेही लक्ष द्या: ठरावीक उंचीच्या बटणात ‘संपूर्ण’चा ऊकार खालून कापला जातो, आणि इंग्रजीत तपासणाऱ्याला हे दिसतच नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी शीर्षकांची फॅशन मराठीत आणू नका. शिरोरेषा तुटते, शब्दाची सुटी अक्षरं होतात. तिरपा ठसाही टाळा. देवनागरीत त्याची परंपरा नाही, बहुतेक फॉन्टमध्ये तो नसतोच, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, पण ज्या फॉन्टचा ठळक प्रकार खरोखर लोड केला आहे तोच वापरा. नाहीतर ब्राउझर कडा जाड करून नकली ठळक बनवतो आणि ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. लिंकखालची रेघ उकारांना छेदून जात असेल तर ती थोडी खाली सरकवून घ्या, त्याची सेटिंग असते.

दोन्ही बाजू सरळ करणारी मांडणी छापील पुस्तकात चालते, फोनवर नाही. मराठी शब्द लांब असतात, ‘महानगरपालिकेकडून’, ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’. एका ओळीत तीनच शब्द मावले की त्यांच्यामध्ये खिंडारं पडतात. डावी बाजू सरळ, उजवी मोकळी, एवढंच ठेवा. आणि कॉम्प्युटरवर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरू देऊ नका. साधारण ६५० ते ७०० पिक्सेल रुंदीचा रकाना केला की ओळ संपून पुढची सुरुवात डोळ्याला चटकन सापडते.

अंकांबाबत माझा हिशेब साधा आहे. वाचायच्या मजकुरात देवनागरी अंक खुशाल वापरा. फोन नंबर, बँक खातं, पिनकोड, म्हणजे जे कॉपी करून दुसरीकडे टाकायचं, ते इंग्रजी अंकांत. रक्कम आपल्या पद्धतीने तोडा, १,२५,००० अशी. तारीख ‘०३/०४’ अशी लिहिली की तीन एप्रिल की चार मार्च असा घोळ होतो, म्हणून महिन्याचं नाव अक्षरांत.

पायरी ४: मजकूर

जेकब निल्सन या अभ्यासकाने १९९७ मध्ये लोक वेबवर कसं वाचतात ते तपासलं. पाहिलेल्या लोकांपैकी ७९ टक्के नवीन पानावर नुसती नजर फिरवत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के. पुढे २००६ मध्ये त्याच्याच संस्थेने डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा नजर वरच्या एक-दोन ओळींवर आडवी आणि मग डाव्या कडेने खाली जाताना दिसली. म्हणून परिच्छेदाचे पहिले दोन-तीन शब्द कामाचे हवेत.

एका काल्पनिक पतसंस्थेची सूचना घेऊ, पण भाषा ओळखीची वाटेल:

‘सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, संस्थेच्या मुख्य कार्यालयाचे काही अपरिहार्य कारणास्तव स्थलांतर करण्यात आले असून, सबब सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी व सहकार्य करावे ही नम्र विनंती.’

सगळं आहे, फक्त नवा पत्ता नाही. तेच असं लिहा:

‘आमचं ऑफिस १ जूनपासून विश्रामबागला आलं आहे. जुनं ऑफिस बंद. वेळ तीच, १० ते ५. लॉकरसाठी येणाऱ्यांनी पासबुक आणावं.’ खाली नकाशाची लिंक.

आदर कमी झाला असं कुणाला वाटत नाही. उलट पासबुक घेऊन यायचं हे आधी कळल्याने एक हेलपाटा वाचला. औपचारिक पत्राला प्रमाण भाषा ठेवा. साईटवर काउंटरवरचा माणूस बोलतो तसं लिहा. एका परिच्छेदात एकच गोष्ट, तीन-चार वाक्यांत. मध्ये उपशीर्षकं, आणि तीही माहिती देणारी: ‘विशेष सूचना’पेक्षा ‘पावसाळ्यात वेळ बदलते’ बरं. लिंकवर ‘इथे क्लिक करा’ लिहिण्यापेक्षा ‘हळदीचे भाव बघा’ लिहा. वाचक सॉफ्टवेअर वापरणारे नुसत्या लिंक ऐकत पुढे जातात, त्यांना पाच वेळा ‘इथे क्लिक करा’ ऐकून काय समजणार?

धंद्याचं नाव दोन्ही लिप्यांत द्या. ‘सांगली बेदाणा’ असं शोधणारे बरेच जण इंग्रजी अक्षरांत टाईप करतात.

पायरी ५: रंग

सांगलीत हळदीच्या धंद्यातल्या माणसाने साईटला पिवळा रंग निवडणं स्वाभाविक आहे. पिवळा लावाच, पण कुठे ते ठरवून. मजकूर आणि मागची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजायचं एक प्रमाण आहे, त्याला कॉन्ट्रास्ट रेशो म्हणतात. ते १ पासून २१ पर्यंत जातं. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१. डब्ल्यूसीएजीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या शीर्षकाला किमान ३ हवं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळी अक्षरं काढली तर हे प्रमाण १.०७ येतं, म्हणजे जवळपास काहीच दिसत नाही. उलट पिवळ्यावर काळी अक्षरं घेतली तर १९ च्या पुढे जातं. म्हणून हळदीचा रंग पट्टीला, बटणाच्या पार्श्वभूमीला, अक्षर गडद. पांढऱ्यावर करडं अक्षर हवंच असेल तर ७६७६७६ हा हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी कोड) ही हद्द समजा, त्याहून फिकट नको. ऑनलाईन कॉन्ट्रास्ट तपासक फुकट मिळतात, दोन रंगांचे कोड टाकले की उत्तर येतं.

ही हद्द घरात बसलेल्यासाठी झाली. मार्केट यार्डात दुपारी बाराच्या उन्हात फोन धरून भाव बघणाऱ्याचा विचार करायचा तर ७ च्या खाली जाऊच नका.

फोटोवर थेट अक्षरं लिहिणंही टाळा. सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाच्या सुंदर फोटोवर पांढरं शीर्षक अर्धं आभाळात विरतं, अर्धं नदीवर दिसतं. आणि ‘लाल म्हणजे बंद, हिरवं म्हणजे चालू’ एवढ्यावर सोडू नका, लाल-हिरवा फरक न कळणारे पुष्कळ असतात. शब्दही लिहा.

पायरी ६: फोटो आणि वेग

फोनने काढलेला फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. असे आठ फोटो होमपेजवर टाकले की शिराळ्याच्या किंवा जतच्या एखाद्या गावातून साईट उघडणारा माणूस पांढरा स्क्रीन बघत बसतो. फोटो साईटवर टाकण्याआधी रुंदी १,२०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फाईल प्रकारात साठवा. एक फोटो १५० केबीच्या आसपास बसायला हवा. खालचे फोटो माणूस तिथपर्यंत पोहोचल्यावरच लोड व्हावेत अशी सोय करून घ्या. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहिलेली हवी, नाहीतर फोटो आला की मजकूर खाली उडी मारतो आणि ‘फोन लावा’ऐवजी भलतंच दाबलं जातं.

गुगल साईटची प्रकृती तीन आकड्यांत मोजतं: मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, आणि पान उड्या मारण्याचं माप ०.१ च्या खाली राहावं. गुगलच्याच ‘पेजस्पीड इनसाइट्स’वर साईटचा पत्ता टाकला की हे आकडे मिळतात. मोबाईलचा निकाल बघा, डेस्कटॉपचा नेहमी जरा खूश करणारा येतो. देवनागरी फॉन्टच्या फायली इंग्रजीपेक्षा जड असतात, म्हणून साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार घ्या, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसेल अशी सेटिंग करायला सांगा.

प्रत्येक फोटोला वर्णन द्या, जे न दिसणाऱ्यांना ऐकू येतं. ‘फोटो १’ हे वर्णन नाही. ‘हिरवा बेदाणा, १५ किलोचा बॉक्स’ हे वर्णन.

पायरी ७: बोट

फोन नंबरवर बोट लावलं की फोन लागला पाहिजे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण कितीतरी साईटवर नंबर नुसता छापलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही द्या, त्यात ‘मला बेदाण्याचे भाव हवे आहेत’ असा पहिला मेसेज आधीच भरून ठेवता येतो. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ मधल्या आवृत्तीने बटणाला किमान २४ × २४ पिक्सेल मागितले आहेत. मी ४४ च्या खाली जात नाही. शेतात काम केलेल्या बोटाला २४ पिक्सेल नेम धरून दाबावे लागतात.

फॉर्ममध्ये नाव, फोन आणि काय हवंय, बास. ईमेल सक्तीचा करू नका. रकान्याचं नाव रकान्याच्या वर कायम दिसलं पाहिजे. आतल्या फिकट अक्षरांत लिहिलं की टाईप करायला लागताच ते गायब होतं. मराठी कीबोर्डवरून आलेले देवनागरी अंकही फॉर्मने स्वीकारावेत. चूक झाली तर ‘अवैध माहिती’ म्हणून ओरडण्याऐवजी ‘फोन नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे टाकलेत’ असं सांगा, आणि भरलेलं बाकी सगळं पुसू नका. साईट उघडताच तोंडावर येणारी ‘नोटिफिकेशन चालू करा’ची खिडकी काढून टाका.

पायरी ८: पुराच्या दिवसांची तयारी

ही पायरी बाहेरच्या कुठल्या मार्गदर्शकात मिळणार नाही, पण कृष्णाकाठी ती लागते. २००५, २०१९ आणि २०२१ हे पूर ज्यांनी पाहिले त्यांना आयर्विन पुलाची ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी पाठ असते. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांत नेटवर्क अडखळतं, बॅटरी जपून वापरावी लागते आणि लोकांना एकच गोष्ट हवी असते: तुम्ही चालू आहात का, नसाल तर माल, पेशंट किंवा पैसे यांचं काय.

त्यासाठी साईटच्या माथ्यावर एका ओळीची सूचना टाकायची सोय आत्ताच करून ठेवा. फोनवरून, साईट करणाऱ्याला न विचारता, तुम्हाला स्वतःला बदलता आली पाहिजे. साधी अक्षरं, स्थिर, आणि शेवटी तारीख-वेळ: ‘गावभागातलं दुकान बंद. मिरजेचं गोडाऊन चालू, फोन तोच. (शुक्रवार, सकाळी ९)’. वेळ नसेल तर सूचना आजची की गेल्या वर्षीची हे कळत नाही. संपर्काचं पान फोटोशिवाय ठेवा, म्हणजे कसल्याही नेटवर्कवर ते उघडेल. पूर ओसरल्यावर सूचना काढायला विसरू नका. ऑक्टोबरात ‘दुकान बंद’ वाचून गिऱ्हाईक परत गेलं तर ते कळतही नाही.

पायरी ९: दुसऱ्याच्या हातात फोन

आपली साईट आपल्याला कायम सोपीच वाटते, कारण काय कुठे आहे ते माहीत असतं. म्हणून साईट कधीच न पाहिलेली पाच माणसं गाठा. पाचच का? निल्सननेच २००० साली मांडलं होतं की वापरातल्या बहुतेक अडचणी पाच जणांत उघड्या पडतात. मग साईट सुधारावी आणि पुन्हा पाच जण बसवावेत. त्यात एक साठीच्या पुढचा हवा, एक जुना स्वस्त अँड्रॉइड वापरणारा, एक ज्याला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही असा. प्रत्येकाला कामं द्या: ‘मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर असतात का बघ’, ‘२० किलो बेदाण्याचे किती होतील ते काढ’.

मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड जातं. ‘अहो, वर तीन रेघा आहेत ना, तिथे दाबा’ असं तोंडावर येतंच, पण खऱ्या गिऱ्हाइकाशेजारी तुम्ही बसलेले नसता. बोट कुठे थबकतं, कुठून मागे येतं ते लिहून घ्या. ‘कशी वाटली साईट?’ असं विचारू नका. आपल्याकडे पाहुणा समोरच्याला वाईट सांगत नाही, ‘छान आहे की’ हेच उत्तर मिळेल.

त्याशिवाय तीन तपासण्या स्वतः करा. फोन बाहेर उन्हात नेऊन वाचा. ब्राउझरमध्ये मजकूर २०० टक्के मोठा करून बघा, काही कापलं जातं का किंवा एकावर एक चढतं का. आणि अँड्रॉइडमधलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चालू करून डोळे मिटून तुमचा फोन नंबर शोधा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सेवा देणाऱ्यांकडून सुलभतेची अपेक्षा करतो, पण कायद्याआधी हे लक्षात घ्या की दवाखान्याच्या साईटवर मोतीबिंदूचे पेशंटही येतात.

नवी साईट ताब्यात घेताना दोन गोष्टी मागून घ्या: डोमेन, म्हणजे साईटचं नाव-पत्ता, तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असल्याचा पुरावा, आणि भाव, वेळ व सूचना बदलायचा पासवर्ड. साईट करणाऱ्यासमोर बसून, तुमच्याच फोनवरून, एक भाव बदलून बघा. तो बदल दोन मिनिटांत साईटवर दिसला नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका.